बॉनेटवर वीस अंक

किस्से कपाटातल्या प्लास्टिकच्या पिशव्यांसारखे असतात. आपण मुद्दाम जमवत नाही, पण एक दिवस कपाट उघडावं आणि अंगावर याव्यात! माझ्याकडचे सगळे किस्से एकाच कपाटातले आहेत. ते कपाट म्हणजे रियाधमधली आमची 'शुक्रवार इलेव्हन'. नावात इलेव्हन आहे, प्रत्यक्षात कधी नऊ असतात, कधी चौदा. सरासरी वय पंचावन्न, आणि गुडघे त्याहून म्हातारे.

टीमचा कॅप्टन हसनचाचा. गुहागरजवळच्या गावातून आलेला, एका कंपनीचं गोदाम सांभाळणारा, चौसष्ट वर्षांचा मीडियम पेसर. अंपायर खैरनारकाका, नाशिकचे, पाण्याच्या प्लांटवर इंजिनियर. स्कोअरर माझे बाबा. आणि मी जुई. जन्म रियाधचा, कॉलेज पुण्यात, आता परत इथे एका आर्किटेक्टच्या ऑफिसात. पुण्यात मी कॉलेजच्या टीमची ओपनिंग बोलर होते. इथे माझं काम काय? "तू बाबांना स्कोअर लिहायला मदत कर, तुझं अक्षर छान आहे." दोन वर्षं हेच ऐकतेय!

इथे मेपासून क्रिकेट बंद. उन्हाळा संपला की पहिली प्रॅक्टिस, आणि त्या पहिल्या शुक्रवारची हसनचाचा वर्षभर वाट बघतात. यंदा मात्र त्यांचं फायनल एक्झिट लागलं, म्हणजे देश सोडून कायमचं परत जाणं. कंपनीने इकामा, म्हणजे इथे राहायचा परवाना, पुढे वाढवला नाही, तिकीट ऑक्टोबरच्या पहिल्या रविवारचं. आमचा मोसम सुरू होतो ऑक्टोबर संपता संपता. म्हणजे एकतीस वर्षांत पहिल्यांदा पहिली प्रॅक्टिस चाचांशिवाय होणार, असं तेव्हा दिसत होतं. चाचांचं जाणं आलं, म्हणून हे सगळं आठवत बसलेय.

*

मोसम कधी सुरू करायचा हे ठरवण्याची चाचांची पद्धत ऐका. सप्टेंबर लागला की दर शुक्रवारी दुपारी अस्रच्या नमाजानंतर सगळे मैदानावर जमतात, किट डिकीत टाकून. चाचांची जुनी पांढरी गाडी अर्धा तास उन्हात बंद उभी राहते. मग चाचा बॉनेटवर तळहात टेकवतात आणि खैरनारकाका अंक मोजतात. वीसपर्यंत हात टिकला तर मोसम सुरू, पॅड बांधा. नाही टिकला तर घरी जा, पुढच्या शुक्रवारी या.

पुण्याहून आले त्या वर्षी मी हे बघून भडकलेच. "चाचा, फोनवर टेंपरेचर दिसतं! डिग्रीसकट! पंधरा माणसं गाडीभोवती उभी राहून काय करताय?"

चाचांनी माझा फोन हातात घेतला, चष्मा वर करून नीट बघितला आणि परत दिला.

"ह्याला हात आहे काय गो?"

*

ही मोजणी पवित्र असते हे मी नवव्या वर्षीच शिकले होते. तेव्हा आम्ही मुली आणि आया गाडीत बसूनच मॅच बघायचो, काच अर्धी खाली करून. एका शुक्रवारी खैरनारकाका रजेवर नाशिकला होते. काचेतून डोकं काढून मी ओरडले, "चाचा, मी मोजते!"

मला प्रॅक्टिस बघायची घाई. मी जे सुटले! एकदोनतीनचारपाच, श्वाससुद्धा घेतला नाही. चाचांचा हात बॉनेटवरच होता तोवर माझे वीस झाले. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या, कोणी पॅड बांधायलाही घेतले.

चाचा गंभीरपणे म्हणाले, "परत मोज. घड्याळाकडे बघत."

परत मोजले. अकरा.

सगळे किट उचलून घरी गेले. वाटेत बाबा माझ्याशी एक शब्दही बोलले नाहीत. पुढच्या शुक्रवारी चाचांनी मला चॉकलेट दिलं आणि सांगितलं, "खोटे वीस मोजले ना, तर पहिल्या ओव्हरला कोणीतरी चक्कर येऊन पडतो. मी पडलोय."

*

उन्हाळ्यात चाचा करतात काय? बॅट तयार करतात. जवसाचं तेल चोळायचं, मग जुना बॉल पायमोज्यात बांधून बॅटवर ठोकत बसायचं. एसीची घरघर, आणि त्यावर ठक ठक ठक. दोन-दोन तास.

एकदा वरच्या मजल्यावरच्या इजिप्शियन बाईंनी वॉचमनला पाठवलं. त्यांना वाटलं, खाली कोणीतरी कोणाला तरी बडवतंय, आणि मार खाणारा आवाजही करत नाहीये! वॉचमन रफिक, बांगलादेशी, दार वाजवून दरडावून म्हणाला, "किस को मार रहा है?"

चाचांनी दार उघडलं. एका हातात बॅट, दुसऱ्या हातात लोंबणारा पायमोजा.

रफिकने बॅट घेतली, ग्रिप बघितली, खांद्याला लावली, मग ती परत देऊन बॉल मागितला. तिथेच कॉरिडॉरमध्ये लिफ्टच्या दारावर एक असा वळवला की चाचा बघतच राहिले.

इजिप्शियन बाईंना खालून आता दोन माणसांचे आवाज यायला लागले. आमच्या टीमला मात्र आयुष्यातला पहिला स्पिनर मिळाला!

*

आमची मैदानं टिकत नाहीत. शहर पसरतं आणि आम्ही त्याच्या पुढे पुढे पळतो. मोकळा प्लॉट शोधायचा, खडे वेचायचे, टँकरचं पाणी मारायचं, सिमेंट भरलेलं पिंप फिरवून पिच दाबायचं, वर मॅट अंथरायची. दोन-तीन वर्षं बरी जातात. मग एका सप्टेंबरला जावं तर कुंपण!

तिसऱ्या मैदानावर आता मोठं सुपरमार्केट आहे. चाचा सामान तिथूनच आणतात, घरापासून लांब असूनही. एकदा मी त्यांच्याबरोबर होते. मला घाई होती, मीटिंग होती, आणि चाचा दुधाच्या फ्रीजपाशी थबकले. इकडे बघितलं, तिकडे बघितलं, छतावरच्या खांबांवरून काहीतरी अंदाज घेतला. मग शेजारच्या रॅकमधला फरशी पुसायचा मॉप उचलला आणि चक्क गार्ड घेतला!

"चाचा, लोक बघतायत!"

"बघू देत. लेग स्टंप हा इथे होता."

दुकानातला मल्याळी पोरगा धावत आला. "अंकल, ये सफाई का है."

"मालूम है," चाचा म्हणाले. "मैं इधरही सत्तेचाळीस पे आउट हुआ था."

पोरगा क्षणभर विचारात पडला. मग म्हणाला, "एलबीडब्ल्यू?"

"अंपायर नाशिक का था," चाचा म्हणाले.

मीटिंगला मी अर्धा तास उशिरा पोचले. दोघं अजून बोलतच होते, मी टॅक्सी केली.

*

बाबांच्या ऑफिसात डग नावाचा अमेरिकन होता. साठीचा, बेसबॉलवेडा. बाबांनी त्याला एका सप्टेंबरी मोजणी बघायला आणलं. मी दुभाषी. मला वाटलं, हा आता हसणार आणि मला लाजेने जमिनीत जावं लागणार.

डग हसला नाही. त्याने सांगितलं की त्यांच्याकडेही असंच असतं. गावाकडे अजून बर्फ असतो, पण फेब्रुवारीत सगळ्या टीम दक्षिणेला उबेत सरावाला जातात. त्या सरावाच्या सामन्यांना काही किंमत नसते, पण तो लहानपणापासून त्याच बातमीची वाट बघत हिवाळा काढायचा. वडील रोज संध्याकाळी विचारायचे, किती दिवस राहिले? वडील गेले त्याला वीस वर्षं झाली, आणि फेब्रुवारीत तो अजून दिवस मोजतो.

मी भाषांतर केलं. चाचा म्हणाले, "त्याला सांग, तुम्ही उबेची वाट बघता, आम्ही गारव्याची. वाट तीच."

त्या दिवशी बॉनेटवर डगलाही हात ठेवू दिला. हा मान बाहेरच्या माणसाला कधी मिळालेला नाही!

पहिल्या प्रॅक्टिसला मग डगला बॅटिंग दिली. चाचांनी हळूच टाकला, डगने दणकून मारला. आणि बॅट फेकून, डोकं खाली घालून, जीव खाऊन धावत सुटला तो थेट कव्हरच्या दिशेने! त्याच्या डोक्यात तिथे फर्स्ट बेस. प्रॅक्टिसला स्कोअर नसतो, म्हणून तिथे फील्डिंगला होते माझे बाबा. एवढा धिप्पाड माणूस आपल्या अंगावर येतोय म्हटल्यावर बाबाही पळाले. बाबा पुढे, डग मागे, दोघं पार्किंगपर्यंत.

सगळ्यांनी खैरनारकाकांकडे बघितलं. काका नियमांचे पक्के. स्वतःच्या मेव्हण्याला शून्यावर पायचीत दिलेला माणूस. त्यांनी विचार केला आणि जाहीर केलं:

"रन नाही, आउट नाही. पाहुणा आहे."

*

चाचांचा मरून रंगाचा हातविणीचा स्वेटर हा वेगळाच विषय. चाचींनी लग्नाच्या पहिल्या वर्षी विणलेला. गुहागरला स्वेटर लागत नाही आणि रियाधला ऑक्टोबरात तर नाहीच. पण मोसमाचा पहिला बॉल चाचाच टाकणार, आणि टाकण्याआधी स्वेटर काढून अंपायरच्या हातात देणार. काढायचा म्हणजे आधी घालायला हवा! म्हणून ते पार्किंगमध्ये स्वेटर घालतात, पस्तीस डिग्रीत घामाने भिजत पिचपर्यंत चालतात आणि तिथे काढतात. खैरनारकाका तो गंभीरपणे कमरेला बांधतात.

मी विचारलं होतं, "ह्याला काही अर्थ आहे का?"

बाबा म्हणाले, "पद्धत आहे."

ह्या एका शब्दावर आमच्या मोठ्या माणसांची अख्खी पिढी निभावून गेलीये!

*

यंदा सप्टेंबरच्या तिसऱ्या शुक्रवारी मोजणी सहावर थांबली. सप्टेंबरच्याच शेवटच्या शुक्रवारी बाबा आणि खैरनारकाका, म्हणजे एक स्कोअरर आणि एक अंपायर, दोघं मिळून लबाडी करायला निघाले. चाचा नमाजाला गेले तेव्हा ह्यांनी त्यांच्या बॉनेटवर ओली चादर अंथरली. पाच मिनिटांनी चादर काढली, पुसून घेतलं, आणि चेहरे असे केले की कुठल्याही पोलिसाने ताबडतोब पकडावं.

चाचा आले. हात ठेवला. वायपरच्या खाचेत बोट फिरवलं, ओलं झालं. आभाळाकडे बघितलं.

"रियाधला पाऊस पडला वाटतं. एवढ्या जागेपुरता."

चाचांनी गाडी सुरू केली, वीस पावलं पुढे नेली आणि परत अर्धा तास उन्हात लावली. मोजणी नऊ.

*

मग आला त्यांचा शेवटचा शुक्रवार. रविवारी विमान. सामान बांधून झालं होतं, बॅट रफिकला देऊन झाली होती. माझ्या फोनवर चाळीस डिग्री. तरी सगळे आले. चौदाच्या चौदा, वर तो सुपरमार्केटवाला पोरगा. कोणी किट मात्र डिकीतून बाहेर काढलं नाही.

गाडी तापली. खैरनारकाका घड्याळ घेऊन उभे राहिले. चाचा बॉनेटपाशी गेले, हात वर उचलला आणि तसाच खाली घेतला.

"आज माझा हात नको," ते म्हणाले. "मला मोह होईल."

बाबा लगेच पुढे झाले. "मी ठेवतो."

"तू चादरवाला! मागे हो." चाचांनी सगळ्यांवरून नजर फिरवली. "जुई, ये गो. ही एकटीच खरं सांगेल. हिला कोणा मोठ्याची भीड नाही."

मी गेले. डावा हात टेकवला.

खैरनारकाकांनी मोजायला सुरुवात केली. आयुष्यात इतकं सावकाश कोणी काही मोजलं नसेल. एक. दोन. तीन. पाचला रफिकने मान वळवली. नऊला बाबा म्हणाले, "जुई," आणि मी म्हटलं, "बाबा, मोजणीत बोलायचं नसतं." तेराला काकांनी घड्याळ डोळ्यांजवळ नेलं, पण घाई त्यांनी केली नाही. सोळा. सतरा. सगळे माझ्या हाताकडे बघत होते. चाचा माझ्या तोंडाकडे.

"वीस," काका म्हणाले.

मी हात उचलून मूठ मिटली आणि ओढणीत घातली. "गार आहे," मी म्हटलं.

कोणी टाळ्या वाजवल्या नाहीत. डिक्या उघडल्याचे आवाज तेवढे आले, एकामागून एक. मॅट अंथरली, स्टंप ठोकले. रफिकने बॅट आणून चाचांच्या हातात दिली.

चाचा माझ्याजवळ आले. "डावा ठेवलास."

"हो."

"उजवा राखलास."

त्यांनी खिशातून नवा बॉल काढला, तांबडाभडक, आणि माझ्या उजव्या हातात दिला. मग खांद्यावरच्या पिशवीतून मरून स्वेटर काढला आणि झटकला.

"आधी हा घाल. पिचपर्यंत चालत ये. मग काढ आणि अंपायरला दे."

मी फोन बाबांच्या हातात ठेवला आणि स्वेटर घातला.