सिद्रामचा प्रोसेसर मी निवडला

ही गोष्ट अजून माझ्या तोंडातून बाहेर पडलेली नाही. बायकोजवळ नाही, वाजवायच्या पार्टीतल्या कुणाजवळ नाही. बिरोबापुढं नारळ फोडताना मनातल्या मनातसुद्धा ती मी झाकूनच धरली — जसं काय देवाला बाकी सगळं दिसतं आणि एवढंच दिसत नाही. तुम्ही मला ओळखत नाही, म्हणून तुमच्याजवळ बोलतोय. ओळखीच्या माणसापुढं बोलायची माझी छाती नाही. आणि छाती नाही हे कबूल करायलाही मला म्हातारा व्हावं लागलं.

माझं शिक्षण चौथी. तीही पुरती नाही. आमची मेंढरं मंद्रूपच्या अंगाला असायची. ती भावांवर सोडून मी सोलापुरात आलो, टॉवेलच्या कारखान्यात मागावर लागलो, आणि सुटी झाली की बँजो पार्टीत वाजवायला लागलो. वरातीपुढं गाड्यावर स्पीकर बांधून वाजवत जातात ना, ते आम्ही. त्यात मी बेस गिटार वाजवतो. चार जाड तारा. लोक म्हणतात, बेस ऐकू तरी येतो का कुणाला? येत नाही. पण थांबवून बघा — गाणं रिकाम्या डब्यासारखं वाजायला लागतं. हे मला कुणी शिकवलं नाही. कान माझा आहे.

त्या कानाला पार्टीत मान होता. नवीन वाद्य आलं, नवीन स्पीकर आला, की पहिला सूर मी लावायचा. थोरल्यानं वाजवून पास केल्याशिवाय दुसऱ्यानं हात लावायचा नाही, ज्याचं वाद्य त्यानंसुद्धा नाही — आमच्या पार्टीची ही रीतच आहे. एवढं ध्यानात ठेवा. कारण मी जे केलं ते ह्या रीतीच्या आडूनच केलं.

आता सिद्रामचं सांगतो.

सिद्राम अक्कलकोटकडचा. घरात कानडी, बाहेर मराठी. कारखान्यात माझ्या शेजारच्या मागावर होता. बेस हातात कसा धरायचा हे त्याला मी शिकवलं. मला अण्णा म्हणायचा — कानडीतला अण्णा, म्हणजे थोरला भाऊ. मलाही त्याचं कौतुक होतं, खोटं कशाला बोलू? शिकवलेला माणूस आपल्यापेक्षा कमी वाजवतो तोवर कौतुक करायला काही लागत नाही.

मग आमचे मालक गफूरभाई यांनी वरातीच्या जोडीला स्टेजचे कार्यक्रम घ्यायला सुरुवात केली. बसून गाणी ऐकायचे कार्यक्रम. आणि त्यांनी वाटणी केली — वरातीला मी, स्टेजला सिद्राम. म्हणाले, "अण्णा, तुमचा हात भारी. वरातीत तोच पायजे. स्टेजपर जरा नरम हात मंगता."

नरम! म्हणजे नाचणारे माझ्या वाट्याला, आणि ऐकणारे त्याच्या. वरातीत सगळा कल्लोळ, तिथं तारेवर हातोडा मारल्यासारखं वाजवावं लागतं, नाहीतर बेसचा पत्ता लागत नाही. मी तसंच वाजवत आलो. सिद्राम तार दाबायचा कमी आणि कुरवाळायचा जास्त. तरी त्याचा सूर शेवटच्या रांगेपर्यंत जायचा. कसा जायचा? मी लपून बघितलंय त्याचं बोट. मला सापडलं नाही.

पण हेही मी गिळलं असतं. खरं दुखलं ते वेगळंच. सिद्राम रविवारी आमच्याकडं यायचा, बाहेरच्या खोलीत बसून वाजवायचा. एकदा बायको सहज म्हणाली, "सिदाभावजींचं वाजवणं सुरू झालं की भांडी घासता घासता हात थांबतो बगा माझा." एवढंच. तिला तर आठवतही नसेल. मी त्याच घरात, त्याच खोलीत इतकी वर्षं वाजवत होतो. माझ्या वाजवण्यानं तिचा हात कधी थांबला नव्हता. भांड्यांचा आवाज चालूच असायचा — मी मोजलं नाही, पण मला माहीत होतं. तुमच्या बायकोनं असं दुसऱ्याचं नाव घेतलं तर तुम्ही काय कराल? मी काही केलं नाही. हसलो. म्हणालो, "शिष्य कुणाचा हाय?" आणि त्या दिवसापासून सिद्राम दारात दिसला की मी माझा बेस उचलून खोळीत घालायला लागलो.

मागच्या काही वर्षांत गाण्यांचा आवाज बदलला. नव्या गाण्यांतला बेस कधी घुमतो, कधी गुरगुरतो, कधी पाण्याखालून आल्यासारखा येतो. साध्या तारेतून तो निघत नाही. त्याला प्रोसेसर लागतो — पायापाशी ठेवायची पेटी, गिटारची वायर तिच्यातून जाते आणि आवाज बदलून बाहेर पडतो. एकेका आवाजाची वेगळी पेटी घ्यायची तर ती मोठ्या शहरातल्या लोकांची कामं. आमच्यासारख्यांना सगळे आवाज एकात असलेली, स्वस्तातली पेटी. गफूरभाई सिद्रामला म्हणाले, स्टेजवर टिकायचं तर घे. त्याची बायको विड्या वळते, आमचा कारखाना तेव्हा अर्धाच चालायचा. एक पेटी घेतली की पुन्हा दुसरी घेणं होणार नव्हतं. चुकायला जागाच नव्हती.

तो माझ्याकडं आला. "अण्णा, कान तुमचा. तुमी म्हनाल ती घेतो."

दुकानाकडं चालत जाताना त्यानं मला एक गोष्ट सांगितली, जी त्यानं बायकोलाही सांगितली नव्हती. डाव्या हाताची बोटं मधूनच बधिर होतात म्हणाला. साखर निघाली होती त्याची. "अण्णा, हात गेला तर मी काय करू? मला दुसरं काय येतंय?" मी म्हणालो, "येड्या, हात कुटं जातोय." आणि मनात? मनात मी काहीतरी जपून ठेवल्यासारखं ते ठेवून दिलं.

दुकानात त्याच्या ऐपतीत बसणाऱ्या दोन पेट्या होत्या. एक खास बेससाठी केलेली — काळी, ठेंगणी, आवाज मोजके. दुसरी साध्या गिटारसाठीची. तिला रंगीत पडदा, आवाज इतके की सांगता सोय नाही. दुकानदार म्हणाला, बेसलाही चालते की, बरेच लोक नेतात. तो इंग्रजी नावं घेत होता आणि मी समजल्यासारखी मान हलवत होतो. पहिला सूर अर्थातच मी लावायचा होता. सिद्रामनं स्वतःचा बेस माझ्या हातात दिला आणि हात बांधून उभा राहिला. त्याचं वाद्य, त्याची पेटी — आणि वाजवणार मी.

काळीवर वाजवलं. चांगली होती. जाड तारेचं अंग कुठं कमी होत नव्हतं. मग रंगीत वाजवली, माझ्या हातानं, वरातीच्या हातानं. ती गरजली! दुकानातली दोन गिऱ्हाइकं वळून बघायला लागली. तेवढ्यात सिद्राम चहाचं सांगायला दाराशी गेला, आणि मी — का कोण जाणे — त्याच्यासारखं वाजवून बघितलं. हळू. कुरवाळून.

सूर आलाच नाही.

पुन्हा केलं. तार हलत होती, बोटाला कळत होतं, आणि स्पीकर गप्प. दुकानदाराला हळूच विचारलं. तो म्हणाला, ह्यात गेट असतं अण्णा. खरखर येऊ नये म्हणून बारीक आवाज ते आतच अडवतं. जोरात वाजवलं की उघडतं.

म्हणजे माझ्या हाताला ते दार उघडणार होतं. सिद्रामच्या हाताला नाही.

सिद्राम चहा घेऊन आला. माझ्याकडं बघितलं. "नोडरी अण्णा, बगा, तुमीच सांगा. कुठली?"

इथं मी म्हणू शकतो की जीभ घसरली. घसरली नाही. मी चहाचा घोट घेतला, कप ठेवला, आणि रंगीत पेटीवर हात ठेवून म्हणालो, "हीच घे. लई आवाज हायेत हिच्यात."

पहिले आठ-दहा कार्यक्रम ठीक गेले. धांगडधिंग्याच्या गाण्यांत फार कळून येत नाही. घरी तो वायर न लावताच सराव करायचा — भिंतीला भिंत लागून घरं, शेजारी ओरडतात. त्यामुळं पेटीतून आपला नरम हात कसा येतो हे त्यानं कधी शांततेत ऐकलंच नाही. मध्ये एकदा मला म्हणाला, "अण्णा, सूर मधूनच गळतोय. बोटं ऐकत न्हाईत वाटतं." मी काय म्हणायला हवं होतं? पेटी बघ, एवढे दोनच शब्द. मी म्हणालो, "साखरेचं औषध वेळेवर घेतोस न्हवं?"

मग त्याच्या गावाकडच्या जत्रेचा कार्यक्रम आला. मीही गेलो होतो. मला तिथं काही काम नव्हतं. तरी गेलो. पुढच्या रांगेत सिद्रामचे भाऊबंद बसलेले, त्याच्या म्हाताऱ्या मावशीला खुर्ची दिलेली. एका संथ गाण्याची सुरुवात एकट्या बेसवर होती. गाणारी बाई माईक धरून उभी. सिद्रामनं बोटं तारेवर ठेवली आणि — काही नाही. बोटं चालतात, आवाज नाही. मधला एखादा सूर येतो, पुढचे तीन जातात. तो घाबरला, जोरात मारायला गेला, तर पेटी एकदम भुंकली. लोक हसले. मागून कुणीतरी कानडीत ओरडलं, तशी त्याच्या मावशीनं पदर तोंडाला लावला. गफूरभाई बाजूनं म्हणाले, "सिद्राम, हात कू क्या हुवा रे?"

आणि सिद्राम — हे मी विसरू शकत नाही — सिद्राम पायापाशच्या पेटीकडं बघत नव्हता. आपल्या बोटांकडं बघत होता. पेटीवर त्याला शंकाच आली नाही. कारण ती अण्णानं पास केली होती.

मी कुठं होतो? मी मांडवाच्या खांबाला टेकून उभा होतो. तुम्हाला वाटेल त्याची कीव आली असेल. आली — पण नंतर. आधी जे आलं ते गार होतं, गोड होतं. उन्हातून येऊन माठातलं पाणी प्यावं तसं.

त्यानंतर स्टेजवर मला घेतलं. बसून ऐकणारे लोक मला मिळाले. ते बसले, त्यांनी ऐकलं, आणि कार्यक्रम संपल्यावर उठून गेले. कुणी जवळ येऊन थांबलं नाही. सिद्रामनं आपला बेस माढ्याच्या एका वाजवणाऱ्याला देऊन टाकला. प्रोसेसर मात्र विकला नाही. फडक्यात गुंडाळून माझ्या घरी आणला. "अण्णा, तुमी पसंत केलेली चीज हाय. माझ्या हाताला न्हाई पेलली. तुमच्याकडंच ऱ्हाऊ द्या."

पेटी बरेच दिवस कपाटावर पडून होती. परवा दुपारी काढली. पडद्यावरची इंग्रजी अक्षरं मला वाचता येत नाहीत, म्हणून एकेक बटण फिरवत, वाजवत, कानानंच शोधत बसलो. आणि एका जागी बटण मागं घेतल्यावर ते गेट उघडलं. उघडंच राहिलं. बारीकात बारीक सूरसुद्धा बाहेर यायला लागला. म्हणजे सोय आतच होती. त्याच पेटीवर सिद्राम वाजवू शकला असता. मी एक दुपार त्याच्यासोबत बसलो असतो तर.

आता तरी उठून त्याच्याकडं जायचं ना? मी उठलो नाही. तसाच बसून वाजवत राहिलो, हळू, त्याच्यासारखं. जत्रेत अडलेलं तेच गाणं. बरंच जमलं — निदान मला तसं वाटलं. आत बायको भांडी घासत होती. भांड्यांचा आवाज थांबला.

थांबला! इतक्या वर्षांत पहिल्यांदा. मी श्वास धरून वाजवत राहिलो.

आतून ती म्हणाली, "सिदाभावजी आलेत व्हय?"

मी म्हणालो, "न्हाय. मीच हाय."

भांडी पुन्हा वाजायला लागली.

काल चौकात सिद्राम भेटला. चहाच्या टपरीवर मला बसवलं, स्वतः उभा राहिला. डावा हात खिशात ठेवतो आता. मला विचारतो, "अण्णा, पेटी वाजते न्हवं बरी?"

सगळं जिभेवर होतं. गेट, बटण, दुकान, सगळं.

मी म्हणालो, "वाजते की. हात पायजे तसा."

त्यानं मान हलवली. मी त्यानं दिलेला चहा पुरा प्यालो.