डॅशबोर्डावरचं हँडल

शमीममावशी कुठल्याही जुन्या पिकअपचं दार उघडलं की आधी वास घ्यायची. डोळे मिटून, मान आत घालून, लग्नघरी आचाऱ्याच्या पातेल्यावर वाकावं तशी. मग निकाल द्यायची, "दूधवाल्याची हाय. पावसात काच उघडी ठेवतो." गाडीचा मालक शेजारी अवघडून उभा असायचा आणि तो बहुतेक वेळा दूधवालाच निघायचा. कधी चुकलीच, तर मावशी दोष गाडीला द्यायची, नाकाला नाही.

कामशेतहून बेडश्याकडे जाणाऱ्या रस्त्यावर तिचं पत्र्याचं दुकान होतं. नवरा गाड्यांच्या सीट शिवायचा. तो गेला, शिलाई मशीन तिच्याकडे आलं, आणि तिने नुसत्या सीटवर भागवायला नकार दिला. दारांच्या आतली रेग्झिनची पॅडं, उन्हाने पांढरे पडलेले डॅशबोर्ड, छताचं लोंबणारं कापड, असलं सगळं ती खोलायची, धुवायची, सांधायची. विनय नावाची गोष्ट तिच्या दुकानात मिळत नसे. "मावळात माझ्यासारखी दुसरी न्हाई," ती सांगायची. "पुण्यात असंल, तर तिनं हितं येऊन दाखवावं."

तिची-माझी ओळख मुंग्यांमुळे झाली.

लोणावळ्यात माझं चिक्कीचं दुकान आहे. मागच्या अंगणात आबांची, म्हणजे माझ्या वडिलांची, जुनी पिकअप उभी असते. आबांनी तिच्यातून आयुष्यभर शेंगदाण्याची पोती आणि गुळाच्या ढेपा वाहिल्या. काचबिंदूने त्यांची नजर जवळजवळ गेली, तरी रोज संध्याकाळी ते चाचपडत जाऊन ड्रायव्हरच्या जागेवर बसायचे आणि उतरले की भूक लागली म्हणायचे. मला मात्र त्या गाडीत धंदा दिसला. जुन्या गाडीपुढे पर्यटक फोटो काढतात, आणि फोटो काढणारा माणूस रिकाम्या हाताने परत जात नाही. तेव्हा गाडी आतून-बाहेरून चकाचक करून दुकानापुढे लावायची, असं मी ठरवलं.

डॅशबोर्ड पार फिका पडला होता. चिक्की लाटण्याआधी आम्ही ओट्यावर तेलाचा हात फिरवतो. ओटा कसा आरशासारखा दिसतो! तोच न्याय मी डॅशबोर्डाला लावला आणि शेंगदाण्याचं तेल चांगलं चोळून चोळून जिरवलं. दुपारच्या उन्हात गाडीतून भज्यांचा वास यायला लागला. पाठोपाठ मुंग्या आल्या, सहकुटुंब सहपरिवार.

कुणीतरी मावशीचं नाव सुचवलं, म्हणून गाडी कामशेतला तिच्याकडे नेली. तिने दार उघडलं, वास घेतला आणि माझ्याकडे वळून म्हणाली, "गाडी चालवतो का तळतो रे?"

मग तिने एक स्क्रू काढला. त्याच्या डोक्याखाली प्लॅस्टिकचा गर्द काळा ठिपका दिसला. "ह्यो बघ, आईच्या पोटातला रंग. बाकी समदं ऊन हाय. ऊन उतरवता येतं." असं म्हणत ती सोनाराच्या सावधपणाने एकेका भागावरून बोटं फिरवत गेली. ड्रायव्हरच्या शेजारी बसणाऱ्यासाठी डॅशबोर्डाला एक हँडल असतं, धरायला. त्यापाशी तिचा हात थांबला. ते हँडल मधोमध झिजून गुळगुळीत झालं होतं.

"हे कुणी झिजवलं?"

"कुणास ठाऊक. जुनंच आहे. मावशी, तुम्ही सगळं नवीनच टाका ना! लाकडासारखं चकचकीत मिळतं बघा."

तिने स्क्रू माझ्या तळहातावर ठेवला. "चकचकीत पायजे तर शहरात जा. हितं मिळत न्हाई."

मी गेलो. गाडी आतून एखाद्या हॉटेलच्या रिसेप्शनसारखी करून आणली. जुनं सामान पोत्यात भरून घरी आलं. मी जातीचा दुकानदार, टाकतो कशाला? दाराचं एक पॅड गुळाच्या पिंपावर झाकण म्हणून बसवलं. दुसऱ्याने भट्टीला वारा घालायची सोय झाली. आणि गल्ल्याच्या खणाची मूठ तुटली होती, तिथे ते हँडल मी स्वतः, मोठ्या कौतुकाने, ठोकून टाकलं.

संध्याकाळी आबा गाडीत चढले. दारावरून हात फिरवला, डॅशबोर्डावरून फिरवला आणि खाली उतरले.

"ही आपली न्हाई."

"आबा, आपलीच आहे. फक्त आतून नवी केलीय."

"मग तूच बस."

त्यानंतर ते गाडीकडे फिरकले नाहीत. पडवीत बसून राहायचे. ताट अर्धं परत यायचं, मग अर्ध्याहून जास्त. बोलणंही आटत चाललं. "मऊ भात देऊ का?" विचारलं तर नुसता हात हलवायचे. एका दुपारी बायकोने ताट उचलताना मला ऐकवलं, "आता तुमच्या फोटोवाल्यांनाच जेवायला वाढा."

मी पुन्हा कामशेत गाठलं. मावशी शिव्या घालेल अशी माझी तयारी होती. तिने सगळं ऐकलं आणि एवढंच विचारलं, "जुनं सामान कुटं हाय?" सांगायची लाज वाटली, म्हणून तिला दुकानातच घेऊन आलो.

गिऱ्हाइकांच्या गर्दीत ती आत शिरली. पिंपावरचं पॅड उचललं. भट्टीवरच्या माणसाच्या हातातलं काढून घेतलं. "दाराचं पॅड हाय का पंखा? शेट, सीटची काय चटणी केली का?" गिऱ्हाइकं हसायला लागली. मीही हसलो, मालकाला हसावंच लागतं. सुटे पैसे द्यायला मी गल्ल्याचा खण ओढला, आणि तिचा हात माझ्या हातावर आला.

"सोड ते."

पुढचे काही दिवस ते सामान तिच्याकडे होतं. लोणावळ्याच्या ओलीने पॅडांचा हार्डबोर्ड फुगला होता. तिने नवा कापून त्यावर तेच जुनं रेग्झिन ताणून बसवलं. डॅशबोर्डावरचं माझं तेल साबणाने आणि दात घासायच्या ब्रशने खरवडून काढलं, मग गरम हवेची गन त्यावरून हळूहळू फिरवली. पांढरट प्लॅस्टिकमधून काळा रंग असा वर आला, की मी तोंड उघडं ठेवून बघत राहिलो. हँडल मात्र तसंच होतं, झिजलेलं.

"मावशी, हे राहिलं वाटतं."

"राहिलं न्हाई. ठेवलंय. आबांच्या शेजारी कोण बसायचं रे?"

"आई," मी म्हणालो. "तिला घाटाची फार भीती वाटायची. वळण आलं की..." माझी नजर हँडलच्या झिजलेल्या जागेवर गेली.

"एवढं आठवायला तुला मुंग्या लागल्या," मावशी म्हणाली.

सगळं जागच्या जागी बसवून तिने आबांना अंगणात बोलावलं. "आबा, बसून बघा. न्हाई पटलं तर मलाच शिव्या द्या, ह्याला नगं. ह्याला कळत न्हाईत."

आबा चढले. उजवं कोपर दारावर टेकलं. हात स्टिअरिंगवर गेला, गिअरवर गेला. मग ते डावीकडे कलले, चाचपडत हँडलपर्यंत पोचले आणि झिजलेल्या जागेवर त्यांची बोटं बसली. अंगठा तिथल्या तिथे फिरला. मग ते हळूच म्हणाले, "धर गं. वळण आलंया."

मावशीने माझी बाही ओढली. "चल. गाडी घाटाला लागलीया. आपलं हितं काय काम?"

त्या दिवशी आबा उतरले आणि भूक लागली म्हणाले. गाडी दुकानापुढे कधीच लागली नाही; मागच्या अंगणातच आहे.

मावशीचे गुडघे गेले तेव्हा देहूरोडच्या डेपोत नोकरीला असलेला मुलगा तिला आपल्याकडे घेऊन जायला निघाला. सामान न्यायला मी आमचीच पिकअप काढली. मागे तिचं शिलाई मशीन दोरीने बांधलं. मुलगा मोटारसायकलवर पुढे गेला, मावशी माझ्या शेजारी बसली. आधी अर्थातच वास घेतला. "गूळ. आन् आबा. तेल गेलं एकदाचं." बंद दुकानाकडे तिने वळून पाहिलं नाही. रस्ता खणून ठेवलेला होता, आम्ही दोघं उसळत होतो.

"मावशी, ते हँडल धरा."

तिने हँडलकडे पाहिलं, आणि हात उचलून खिडकीच्या कडेला लावला.

"नगं. ती जागा भरलीया," ती म्हणाली. "आन् गाडी हळू हाण रे. ती घाबरती."