नव्याण्णवांपाशी कोण

परवा बायकोनं जुनी घोंगडी उन्हात टाकली आणि लोकरीच्या त्या वासानं मी शिरूरजवळच्या निमोणे गावात जाऊन पोचलो.

नव्वदच्या दशकात मी शिरूरला लूथरन या ख्रिस्ती मंडळीचा प्रचारक होतो. विश्वास ही देवाची देणगी, असं रविवारी सांगायचो. आणि आपण गेलो नाही तर माणसं तारणाला मुकतील, अशा घाईनं सोमवारी सायकल काढायचो.

अशाच एका दुपारी निमोण्यात एका धनगर आबांना मी येशूचा दाखला सांगितला. मेंढपाळ नव्याण्णव मेंढरं रानात सोडून हरवलेल्या एकाला शोधायला जातो.

"बाकीच्यांपाशी कोण हुतं?" आबांनी विचारलं.

मी बायबलची पानं चाळू लागलो.

"आमी आदी कुणाला तरी हाळी देऊन बसवतो, मंग जातो. तुमच्या घरी कोण हाय?"

"बायको. दोन दिवस तापानं पडलीय."

"तिच्यापाशी?"

आबांनी एक घोंगडी सायकलच्या कॅरियरला बांधली. "तिला पांघरा. जावा आता."

घरी ती पांघरताना बायकोनं विचारलं, "कुणी ऐकलं का आज?"

"कुणी नाही," मी घुश्शात म्हणालो.

परवा संध्याकाळी घोंगडीची घडी घालताना तिला म्हणालो, "त्या दिवशी निमोण्यात एकानं ऐकलं होतं. मीच, त्या आबांचं."