लगीन बाकी शे

ती बाई आणि ते प्रकरण मला आजही आठवतं, कारण त्यात चुकलो मी होतो.

साठीचं दशक होतं. आमचा भाग तेव्हा धुळे जिल्ह्यात मोडायचा आणि खांडबारा स्टेशनच्या बाजूची बरीच गावं माझ्या ठाण्याच्या हद्दीत होती. त्यातल्या एका डोंगरी गावचा माणूस फौजेत होता. मुदत संपल्यावर तो राखीव दलात गेला. वर्षातून एकदा प्रशिक्षणाला जायचा, एरवी शेती करायचा. तो तापानं गेला. पाठीमागे बायको आणि दोन लहान मुली होत्या. बायकोनं पेन्शनसाठी अर्ज केला.

थोड्याच दिवसांत मयताचा थोरला भाऊ ठाण्यात आला. ती बाई भावाची बायको नाहीच, तिचं लग्नच झालेलं नाही, सरकारला फसवते आहे, अशी त्यानं खबर दिली. स्टेशन डायरीत नोंद झाली. त्याच आठवड्यात अर्जाच्या चौकशीचा कागदही वरून आला. हिचा पेन्शनचा हक्क खरा की खोटा, हे आता माझ्या अहवालावर ठरणार होतं. खोटा ठरला तर हिच्यावर फसवणुकीचा गुन्हा दाखल व्हायचा.

मी तिला बोलावून घेतलं. ती मुलींना घेऊन पायी आली होती. तिची बोली मला येत नव्हती. आमच्या हवालदाराला ती समजायची, आणि तो मला आपल्या अहिराणीत सांगायचा. मी अर्जात होता तोच प्रश्न विचारला, ‘‘लग्न कधी झालं?’’

ती सरळ माझ्याकडे बघत काहीतरी बोलली. हवालदार जरा घुटमळला.

‘‘साहेब, ती म्हनस, लगीन बाकी शे.’’

मी पुन्हा विचारलं. पुन्हा तेच उत्तर. आरोपीनं स्वतःच कबूल केल्यावर पोलिसाला आणखी काय हवं? मी जबाब लिहिला, वाचून दाखवला, अंगठा घेतला. ती मुलींना घेऊन निघून गेली. मी खूश होतो, हे आता सांगायला लाज वाटते.

राहिला होता भावाचा सविस्तर जबाब. तो बाजारात वावरणारा, त्यामुळे अहिराणी फाडफाड बोलायचा. फार ऐटीत बसला होता. मयताच्या बायकोबद्दल तो असं काही बोलला की माझं डोकं फिरलं. मी त्याला टोचून म्हणालो, ‘‘म्हणजे तुझ्या भावानं बाई फुकटात आणून ठेवली होती तर!’’

तो ताडकन उठला. ‘‘साहेब, आम्ही काय भिकारी शेतस का? मन्हा भाऊनी देज दिन्हं, पंचासना मोरे दिन्हं! बैलजोडी तं मीच हाकलत लई गयथू!’’

बोलून गेल्यावर तो हळूच खाली बसला. हवालदारानं हातातली टाचणी खाली ठेवली.

ही माझी हुशारी नव्हती, रागात तोंडून निघालेला टोमणा होता. मग हवालदारानं मला नीट समजावलं; मी विचारलं नव्हतं, म्हणून आधी तो बोलला नव्हता. त्यांच्यात पंचांसमोर मुलीच्या बापाला देज, म्हणजे वधूमूल्य, दिलं की ती सून होते, संसार सुरू होतो. गावजेवणाचं लग्न घरात धान्य साठेल तेव्हा करायचं, कधी मुलं झाल्यावरसुद्धा. ह्या जोडप्यानं दोनदा धान्य साठवलं आणि दोन्ही वेळा वाईट सालात खाऊन संपवलं. म्हणून लग्न बाकी होतं. त्या भावाला हे सगळं माहीत होतं. ही माहेरी गेली की पेन्शनही तिकडेच जाईल, त्यापेक्षा ती मिळूच नये, ह्या विचारानं त्यानं आमच्या अज्ञानाचा फायदा घेतला.

मी गावात जाऊन पंचांचे जबाब घेतले आणि ती कायदेशीर पत्नी असल्याचा अहवाल पाठवला. बऱ्याच महिन्यांनी पेन्शन मंजूर झाली. ते सांगायला मी हवालदारासह स्वतः तिच्या घरी गेलो. ती आनंदली असेल, पण आधी तिनं एक प्रश्न विचारला. हवालदार मान खाली घालून म्हणाला, ‘‘साहेब, ती इचारी ऱ्हायनी, मी तं पहिलाच दिन खरं सांगं, मंग मले खोटी काबर ठरायं?’’

तिनं एखादी तारीख ठोकून दिली असती, तर मी ती लिहून घेतली असती आणि तिचं काम त्याच दिवशी झालं असतं. उलटतपासणीत खोटं कसं पकडायचं, हे मी वर्षानुवर्षं शिकलो होतो. खरं बोलणारा माणूस समोर बसला तर त्याला आणखी एक प्रश्न विचारावा, एवढं मात्र मला कुणी शिकवलं नव्हतं.