बापाला दारू पाजणारं पुस्तक

सांगलीतल्या एका वाचनालयात पुस्तकं देण्याघेण्याच्या टेबलाशी मी सव्वीस वर्षं बसते आहे. कोणतं पुस्तक खपतं ते प्रकाशकाला कळतं. कोणत्या पानापर्यंत ते मळलं ते मला दिसतं. श्रीमंत कसं व्हावं हे शिकवणारी पुस्तकं पहिल्या वीस-पंचवीस पानांपलीकडे कोरी करकरीत परत येतात. ऐतिहासिक कादंबऱ्यांतला सरदार बायकोकडे पाणी मागतो तेही रणशिंग फुंकल्यासारखं, म्हणून त्या मी केव्हाच सोडल्या. पण या प्रकारांना हसून बाजूला ठेवता येतं. मला शिसारी आहे ती संघर्षगाथांची.

ज्यांनी खरोखर भोगलं आणि मग लिहिलं, त्यांची पुस्तकं वाचून मी दोन दोन दिवस कुणाशी धड बोललेली नाही. त्यांत रडणं फार कमी असतं. मी म्हणते ती दुसरी जात. मुखपृष्ठावर सुरकुतलेला हात. आत उपाशी निजणारी आई, दारुडा बाप, चिमणीच्या उजेडात अभ्यास करणारा पोरगा, आणि शेवटच्या प्रकरणात त्या पोराला सलाम ठोकणारा शिपाई. निवृत्तीला दोन वर्षं उरली की अधिकाऱ्यांना असं पुस्तक होतं, जसा काहींना मधुमेह होतो.

माझ्या धाकट्या भावालाही झालं. तो साताऱ्यात सरकारी अधिकारी आहे. त्यानं पुस्तक कुरिअरनं पाठवलं आणि फोनवर म्हणाला, "आक्का, रविवारी प्रकाशन आहे. आईला व्यासपीठावर बसवायचंय. तू आदल्या दिवशी गावी जा, तिला तयार कर. सकाळी मी गाडी घेऊन येतो."

पुस्तकाच्या नावात आई होती आणि घामही होता. मुखपृष्ठावरचा हात आमच्या आईचा नव्हता. आई मनगटभर बांगड्या घालते. हा कुठल्यातरी परक्या बाईचा ओका हात होता, इंटरनेटवरून उचललेला.

आमचं गाव माण तालुक्यात, दहिवडीपासून थोडं आत. सांगलीहून विटा, मायणी करत एसटीनं जाताना मी पुस्तक वाचून संपवलं. पहिली साठ पानं मी नुसती नाक मुरडत वाचली. एकसष्टाव्या पानावर वडील आले. मुंबईहून सुट्टीला आलेले, दारू पिऊन दारात कोसळलेले, आईला लाथ मारणारे.

आमचे वडील मुंबईत गोदामात पोती वाहायचे. वर्षातून दोनदा घरी यायचे, जत्रेला आणि दिवाळीला. अतिशय अबोल माणूस. आल्यावर शेरडांचा वाडा झाडायचे आणि माझ्याकडून शाळेचं पुस्तक मोठ्यानं वाचून घ्यायचे. पुढं पाठीचा मणका गेला, तेव्हा गावी येऊन सहा वर्षं अंथरुणावर होते. त्यांना जाऊन आता बारा वर्षं झाली. दारूचा थेंब त्यांनी कधी तोंडाला लावला नाही.

दुपारी आई ओसरीवर शेंगा फोडत बसली होती. तिला वाचता येत नाही. म्हणाली, "बये, वाच की. काय लिवलंय माज्यावर?"

मी वाचू लागले. ती पोरांना जेवू घालून स्वतः पाणी पिऊन निजायची, हे आलं तेव्हा तिला हसू आवरेना.

"मी उपाशी निजले? आगं, मी तुमच्या आदी खायचे. शेरडामागं दिसभर पळायला पोटात नगं का काय?"

"म्हणजे खोटंच की हे," मी म्हणाले.

"आसू दे. त्येला बरं वाटत आसंल. मला काय धाड भरलीया?"

माझा विरस झाला. पुढचं पान वडिलांचं होतं. मला ते गाळता आलं असतं, तिला पत्ताही लागला नसता. मी गाळलं नाही. त्यात सत्याची चाड होती असं आज म्हणवत नाही. भावाला उघडं पाडायची मला घाई झाली होती.

वाचून झालं. आईचा शेंगा फोडणारा हात थांबला होता.

"परत वाच."

मी परत वाचलं. ती उठली, सूप तसंच ठेवून आत गेली आणि संध्याकाळपर्यंत माझ्याशी बोलली नाही. स्वयंपाक मीच केला. तिनं अर्धी भाकरी खाल्ली.

सकाळी भाऊ आला. नवा सदरा, गाडीत हारांची पिशवी. आई जुन्याच लुगड्यात उंबऱ्यावर बसून होती.

"आई, आवर की. उशीर होतोय."

"तुज्या बानं कवा दारू पिली रं?"

त्यानं माझ्याकडं पाहिलं. मग तिच्या शेजारी बसला आणि समजावणीच्या सुरात म्हणाला, "आई, अशा पुस्तकात बाप तसाच असतो. मी आधी नव्हतं घातलं. प्रकाशक म्हणाले, संघर्ष कमी पडतोय."

आमटीत मीठ कमी पडावं, तसं तो म्हणाला.

"संघर्ष कमी पडला, म्हून बाप बाटलीत बुडवलास व्हय?"

"साहित्यात चालतं ते. लोकांना कळतं."

"मग मी पीत हुते आसं लिवायचं. मी जित्ती हाय, तुज्याशी भांडले आसते. त्यो काय भांडणार?" तिचा आवाज चढला नव्हता. "मी येत न्हाई. जा तू."

त्यानं पुष्कळ विनवलं. पुढच्या आवृत्तीत ते पान काढतो म्हणाला, तिचे पायही धरले. ती हलली नाही. मग तो माझ्यावर उसळला.

"हे तुझं काम, आक्का. जन्मभर दुसऱ्यांची पुस्तकं उचलून ठेवलीस. स्वतः एक ओळ तरी लिहिलीस का?"

ते वाक्य मला अजून बोचतं.

शेवटी आईच मला म्हणाली, "तू जा त्येच्यासंगं. काय बोलत्यात ते ऐकून ये."

साताऱ्याच्या सभागृहात खुर्ची रिकामी राहिली नव्हती, व्यासपीठावरची आईची एक सोडून. सूत्रसंचालकानं सांगितलं की मातोश्रींची प्रकृती अचानक बिघडली आहे. मग संयोजकांनी त्या खुर्चीवर शाल पांघरली, श्रीफळ ठेवलं आणि सगळं सभागृह उभं राहून टाळ्या वाजवू लागलं. प्रमुख पाहुण्यांनी एकसष्टावं पान वाचून दाखवलं. वाचताना त्यांचा आवाज भरून आला, पुढच्या रांगेतल्या बायकांनी पदर डोळ्याला लावले. ठणठणीत बाई गावात शेंगा फोडत होती आणि इथं तिच्या आजारपणाला हुंदके चालले होते. मी बोलायचं ठरवून गेले होते. पण तेवढ्या रडणाऱ्या माणसांसमोर मी जागेवरून उठलेच नाही. टाळ्या मात्र वाजवल्या नाहीत. कार्यक्रम संपायच्या आत मी स्टँड गाठला आणि सांगलीची गाडी पकडली.

त्या संध्याकाळी आईला फोन केला. तिनं सगळं ऐकून घेतलं आणि एवढंच विचारलं, "कुणी उठून न्हाई म्हनलं का?"

"नाही," मी म्हणाले. मीही नाही, हे तिला न सांगताच कळलं असावं.

पुस्तकाची दुसरी आवृत्ती निघाली. नवी प्रस्तावना आली, पान तसंच राहिलं. त्याला एक पुरस्कारही मिळाला. भाऊ सणासुदीला गावी जातो, आई त्याला वाढते, पाऊसपाण्याचं बोलते. पुस्तकाचा विषय दोघंही काढत नाहीत.

आमच्या वाचनालयानं त्याच्या चार प्रती घेतल्या. मागच्या महिन्यात कॉलेजातली एक मुलगी त्यातली एक परत करायला आली. डोळे लाल झाले होते.

"मॅडम, किती भयंकर असतात ना काहींचे वडील?"

"त्या पुस्तकातलं ते खोटं आहे," मी म्हणाले. "तो माझा बाप होता."

ती गोंधळली. मग हळूच म्हणाली, "मग तुम्ही हे ठेवता कशाला?"

"मागणी आहे," मी म्हणाले, आणि तिच्या मागं उभ्या असलेल्या बाईंनी ती प्रत मागून घेतली.