सूर्यास्ताच्या आतलं घर

सांगलीत भाड्याच्या घरात राहणारी माणसं हजारो असतील, पण सूर्य बघून घर बदलणारा माणूस एकच होता आणि तो माझ्या शेजारच्या टेबलावर बसायचा. लोक घर सोडतात ते मालकाशी वाजलं म्हणून, नळाला पाणी चढत नाही म्हणून, नाहीतर पोराला शाळा लांब पडते म्हणून. आमच्या ऑफिसातले अण्णा वर्षातून दोनदा बिऱ्हाड हलवायचे ते दिवस लहान झाला म्हणून, आणि मग दिवस मोठा झाला म्हणून. मी मूळचा साताऱ्याचा, म्हणजे दुसऱ्याला नावं ठेवल्याशिवाय अन्न न पचणाऱ्यांतला. सात वर्षं मी अण्णांची यथेच्छ टिंगल केली आणि सातही वर्षं त्यांच्या लोखंडी कपाटाचा एक कोपरा खांद्यावर घेऊन जिने चढलो-उतरलो. आता मी साताऱ्यात तीन खोल्यांच्या हवेशीर फ्लॅटात भाड्यानं राहतो, नोकरीसाठी रोज शिरवळला जाऊन-येऊन करतो, आणि घरी पोचायला रात्रीचे नऊ होतात. तेव्हा अण्णांची आठवण येते. बरं वाटावं अशी ती आठवण नसते.

आमची कंपनी बियाण्यांची. अण्णांचं काम उगवण तपासायचं. शंभर दाणे ओल्या कागदात गुंडाळून ठेवायचे आणि ठरलेल्या दिवशी कागद उलगडून किती कोंब आले ते बघायचं. हे काम ते अशा मायेनं करायचे की एखादा दाणा उगवला नाही तर त्याच्या घरी कुणीतरी कळवायला हवं असं त्यांचा चेहरा सांगायचा. घरी पिढ्यान् पिढ्या जैन रीत, त्यामुळं दिवस मावळायच्या आत जेवण. त्यात नवल काही नाही, सांगलीत असं जेवणारी घरं पुष्कळ आहेत. पण अण्णांनी त्याला आपली एक पुरवणी जोडली होती. ते जेवण घरी, बायकोच्या, म्हणजे आमच्या काकूंच्या समोर बसूनच व्हायला हवं. ऑफिसात डबा खाऊन मोकळं व्हायला काय हरकत आहे, असं मी एकदा विचारलं. चष्म्यावरून बघत म्हणाले, "दिवसा जेवा हे धर्मानं सांगितलंय. समोर बसून जेवा हे मी सांगितलंय. दोन्ही पाळायचं."

ऑफिस सुटायचं साडेपाचला. डिसेंबरात सूर्य सहालाच बुडतो. म्हणजे अण्णांच्या हातात अर्धा तास, आणि त्यातच सायकल, हातपाय धुणं आणि दोन भाकऱ्या. मोटरसायकल त्यांना चालत नव्हती. मी एकदा मागं बसवून नेलं तर चौकापर्यंत माझा शर्ट मुठीत धरून डोळे मिटून बसले आणि उतरल्यावर म्हणाले की आता भूकच मेली. कंपनीच्या मालकांनी आपणहून सांगितलं होतं, थंडीत पाचला जात जा. अण्णांनी हात जोडून नकार दिला. कामातून चोरलेल्या अर्ध्या तासात खाल्लेला घास अंगी लागत नाही, असं त्यांचं म्हणणं. अशा माणसापुढं मालक तरी काय करणार?

घर बघायला ते मला घेऊन जायचे आणि मी मेल्याहून मेल्यासारखा व्हायचो. मालक बिचारा फरशी दाखवतोय, गॅस ठेवायचा ओटा दाखवतोय, आणि अण्णा फाटकाशीच घड्याळ बघत उभे. ऑफिसपासून तिथवर सायकलनं किती मिनिटं लागली ते आधी, घर नंतर. आठवडी बाजाराच्या दिवशी पुन्हा एकदा, कारण त्या दिवशी रस्त्यात गर्दी. घराचा प्रत्येक गुण त्यांनी मिनिटांत बसवला होता. दोन बाजूंनी वारा असेल तर घर तीन मिनिटं लांब चालेल, गॅलरी असली तर सहा, वरच्या मजल्यावर पाणी चढत असेल तर चार. एका गृहस्थांनी नवंकोरं स्वयंपाकघर मोठ्या हौसेनं उघडून दाखवलं. अण्णांनी मान डोलावली, मनापासून कौतुक केलं आणि म्हणाले, "लय झकास हाय. पण माझ्या घासापासनं अकरा मिनिटं लांब हाय." त्या गृहस्थांनी माझ्याकडं असं बघितलं की मी त्यांचा नातेवाईक नाही हे सांगायला परत मागं गेलो.

शेवटी त्यांनी दोन घरं धरली. उन्हाळ्याचं घर विश्रामबागेच्या पुढं, मिरजेच्या वाटेवर, दुसऱ्या मजल्यावर. मोठ्या खिडक्या आणि पश्चिमेला लांबलचक गॅलरी. ऑफिसपासून पस्तीस मिनिटं. त्या फ्लॅटचे मालक होळी झाली की परदेशी मुलाकडं जायचे आणि थंडीच्या आधी परत यायचे, म्हणून सहा महिन्यांचा भाडेकरू त्यांनाही सोयीचा. हिवाळ्याचं घर ऑफिसच्या मागच्या गल्लीत, पिठाच्या गिरणीला लागून. सहा मिनिटं. गिरणी सुरू झाली की मांडणीतली ताटं थरथरायची, उशीवर पीठ बसायचं, आणि भर दुपारी दिवा लावल्याशिवाय सुईत दोरा जायचा नाही. ती खोली उरलेलं अर्धं वर्ष अण्णांचीच वाट बघत रिकामी असायची, कारण दुसरं कुणी तिकडं फिरकतच नव्हतं. जायचा मुहूर्त पितृपंधरवड्यातला. त्या दिवसांत कुणी घर बदलत नाही, त्यामुळं टेम्पो लगेच मिळतो. टेम्पोत पुढं काकू बसायच्या, मांडीवर मोगऱ्याची एक कुंडी घेऊन. बाकीच्या कुंड्या शेजारणीकडं. मोगरा त्या खोलीत काही जगायचा नाही, पण दर वर्षी एक कुंडी न्यायच्याच.

मग एका वर्षी परदेशातल्या मालकांचा निरोप आला की आता आम्ही इकडंच राहणार, तुम्ही बारा महिने राहा. आनंदाची गोष्ट. पण अण्णांचं तोंड उतरलं, कारण काकूंनी त्याच संध्याकाळी सांगून टाकलं होतं की गिरणीजवळ आता येणार नाही. ही बाई कधी आवाज चढवून बोलली नाही. मी तिथं होतो, कपाट कधी हलवायचं ते विचारायला गेलेलो. काकू ओट्यापाशी उभ्या होत्या. म्हणाल्या, "आवं, अठ्ठावीस वर्षं तुमच्या पुढ्यात बसून जेवले. थंडीत कधी ताटातलं अन्न मला धड दिसलं न्हाई. आता चार म्हैने एकटी जेवीन, पण उजेडात जेवीन."

पुढचा आठवडा अण्णा गल्ल्याबोळांतून सायकल मारत होते. रेल्वेच्या कडेनं, वसाहतीच्या मागनं, एकदा तर एका लग्नाच्या मांडवातनं. पस्तिसाची एकोणतीस मिनिटं केली, साठीला टेकलेल्या माणसानं. पण सूर्य काही ऐकेना. सोमवारी माझ्या टेबलापाशी येऊन म्हणाले, "न्हाई जमत गड्या." इतकंच म्हणाले आणि कागदातले कोंब बघायला गेले. मला त्या दिवशी त्यांची टिंगल सुचली नाही. फार वाईट वाटलं.

त्या थंडीत ऑफिस सुटलं की सगळे घरी जायचे आणि अण्णा मागच्या पायरीवर बसायचे. किल्ल्या माझ्याकडं, म्हणून मीही थांबायचो. ते डबा उघडायचे, फोन लावायचे आणि बियाण्याच्या पोत्याला टेकवून ठेवायचे. "बसलीस?" "बसले." एवढंच बोलणं. मग दोघं जेवायला लागायची, सात किलोमीटरवर, एकाच वेळी. फोनमधून ताटाचा आवाज यायचा, बांगड्यांचा यायचा. चेहरा दिसेल असा फोन लावा, मी करून देतो, असं मी म्हटलं, तर म्हणाले, तोंड पाठ हाय. पायरीसमोर गोदामाची भिंत होती, तिथनं आभाळसुद्धा नीट दिसायचं नाही. काकू गॅलरीत बसलेल्या असायच्या. त्या मधेच सांगायच्या, निम्मा गेला. अण्णा पुढचा घास जरा घाईनं घ्यायचे. मग त्या म्हणायच्या, गेला. अण्णा डबा मिटायचे, चूळ भरायचे आणि अंधारात सायकल काढायचे. चार थंड्या असं चाललं. त्या चारही थंड्यांत दोघांपैकी कुणी दुसऱ्याच्या आधी पहिला घास घेतल्याचं मी ऐकलं नाही.

अण्णा निवृत्त झाले, मी सांगली सोडली. गेल्या डिसेंबरात एका रविवारी काही कामानं तिकडं गेलो तेव्हा त्यांच्याकडं डोकावलो. साडेपाचला गॅलरीत तीन पाट मांडले. ज्वारीची भाकरी, वांगं, दह्याची वाटी. दोघं समोरासमोर बसली. इतक्या वर्षांनी हातात सगळा वेळ असूनही फारसं बोलत नव्हती, मधूनमधून एकमेकांच्या ताटाकडं बघत होती. मी उगाच माझ्या साताऱ्यातल्या फ्लॅटची फुशारकी मारायला लागलो, खोल्या किती, वारा कसा, समोर डोंगर कसा दिसतो. अण्णांनी ऐकून घेतलं आणि विचारलं, "घरी कितीला पोचतोस?"

नऊ होतात, मी म्हणालो.

"मग सूनबाई जेवून घेती, का थांबती?"

मला माहीत नव्हतं. त्या घरात येऊन तीन वर्षं झाली होती. मी पोचतो तेव्हा ताट झाकलेलं असतं, ती ते पुढं ठेवते आणि मुलाला निजवायला आत जाते. ती जेवलेली असणार असं मी धरून चाललो होतो, विचारलं कधीच नव्हतं. अण्णांना काहीतरी थातुरमातुर सांगितलं. त्यांनी पुन्हा विचारलं नाही, काकूंनी माझ्या ताटात आणखी अर्धी भाकरी वाढली.

परतीच्या एसटीत बसल्यावर मी बायकोला फोन लावला आणि विचारलं, तू रोज कधी जेवतेस? तिला वाटलं माझं काहीतरी बिनसलंय. मग म्हणाली, सातला, पोराबरोबर.

"आणि माझ्यासाठी थांबत नव्हतीस कधी?"

"थांबत होते की. पहिलं वर्षभर थांबत होते," ती म्हणाली. आवाजात तक्रार नव्हती. "मग सोडून दिलं. तुम्ही या सावकाश."