आप्पांच्या फोटोतली सुई

माझ्या वडिलांच्या दंडाला लावलेल्या सुईचं टोपण काढलेलंच नव्हतं.

आज आप्पांना जाऊन वर्ष झालं. वर्षभर हे वाक्य गिळून बसले होते. आज सकाळी गावात जे बघितलं, त्यानंतर गिळवत नाही.

आप्पा चौऱ्याहत्तर वर्षांचे. जुना दमा, त्यात शुगर. मी दौंडहून फोनवर मागे लागलेली, फ्लूची लस घ्या म्हणून.

"करोनाच्या घेतल्या की. आता आन् कसली?"

"आप्पा, ही वेगळी. ही दरवर्षी घ्यायची. इकडे या, आमच्या डॉक्टरांकडे पाच मिनिटांत होईल."

"गावातच शिबिर हाय. आपल्या संदीपनं ठिवलंय. घरचं सोडून तिकडं आलो तर त्याला काय वाटंल?"

संदीप माझा चुलतभाऊ. त्याची इलेक्शनची तयारी चालू होती. अशा वेळी आमच्याकडे पुढाऱ्यांना लोकांच्या तब्येतीची एकदम काळजी वाटायला लागते.

शिबिराच्या दिवशी दुपारी व्हॉट्सॲपवर फोटो आला.

समाजमंदिर. मागे फ्लेक्स. आप्पा खुर्चीत, अंगावर शाल, मांडीवर नारळ, बाही वर केलेली. वयाचा मान म्हणून पहिली लस त्यांना. नर्सबाईंच्या हातात सुई. शेजारी प्रमुख पाहुणे आणि संदीप, दोघेही कॅमेऱ्याकडे बघून हसतायत.

मी तो स्टेटसला ठेवला. "माझे आप्पा, गावात पहिले!" असं वर लिहिलं. दोन-तीन हार्ट टाकले.

संध्याकाळी फोन केला. "आप्पा, हात दुखतोय का?"

"फोटु बघितलास न्हवं?" म्हणाले, आणि विषय म्हशीवर नेला.

हो म्हणाले नव्हते. हे मला फार उशिरा कळलं.

महिनाभराने ताप आला. खोकला, अंगदुखी. आई फोनवर म्हणाली, डॉक्टरकडं न्यायचं का?

मीच म्हणाले, "लस घेतलीय ना, साधं असेल. वाफ द्या."

असे चार दिवस घालवले. मी, घरातली शिकलेली.

पाचव्या दिवशी शिरूरला दवाखान्यात नेलं तेव्हा आप्पांना एका वाक्यात तीनदा थांबावं लागत होतं.

फ्लूवरून निमोनिया झालाय, डॉक्टर म्हणाले. मग विचारलं, "यंदा फ्लूची लस घेतली होती?"

मी लगेच मोबाईल पुढे केला. त्यांनी दोन बोटांनी फोटो मोठा केला.

"मॅडम, सुईवर टोपण आहे."

मी आप्पांकडे बघितलं. त्यांनी ऑक्सिजनचा मास्क बाजूला केला.

"पाव्हण्यांना फुडं जायाचं हुतं. म्हनून आधी फोटु काढला. मंग मी म्हनलो, आधी बायाबापड्यांना द्या... माझी पाळी येस्तवर संपली."

संपली कशी, तेही नंतर कळलं. पाहुण्यांच्या गाडीतून आलेल्या कार्यकर्त्यांनी बाह्या वर केल्या होत्या. उसाची मोळी एका हाताने ट्रॉलीत फेकतील अशी पोरं. फुकट आहे म्हटल्यावर घेतली टोचून.

"मग मला सांगितलं का नाही, आप्पा?"

"संदीप म्हनला, परवा घरी आनून टोचतो. तवर कुनाला बोलू नगा, माझी लाज जाईल. भावकीतलं पोर हाय गं. चारचौघात त्याला कसं उघडं पाडायचं?"

तो परवा आला नाही. संदीपला आठवण नव्हती आणि आप्पांना मागायचा संकोच. भावकीची लाज राखायला माणूस निमोनिया अंगावर काढतो, आमच्याकडे याला मोठेपणा म्हणतात.

डॉक्टर सरळ बोलले. "लसीने हे टळलंच असतं असं मी सांगू शकत नाही. लस घेऊनही फ्लू होतो. पण या वयात, दमा असताना, बऱ्याचदा तो एवढा जोर करत नाही. आणि लस घेतली असली तरी चार दिवस थांबायला नको होतं."

सहाव्या दिवशी आप्पा गेले.

दशक्रियेला भीमेच्या घाटावर संदीपने माईक घेतला. "आरोग्य शिबिराला पहिली लस घेऊन आप्पांनी गावाला दिशा दिली." लोकांनी माना डोलावल्या. मला सगळं माहीत होतं. तरी गप्प बसले. शेवटी मीही त्याच भावकीतली.

आणि आज वर्षश्राद्धाला संदीपने काय करावं?

आप्पांच्या स्मरणार्थ मोफत लसीकरण शिबिर. फ्लेक्सवर तोच फोटो. तीच शाल, तोच नारळ, तीच सुई. फक्त मोठा केलेला, त्यामुळे टोपण आता रस्त्यावरूनही दिसतं. शिसारी आली मला. एवढा निलाजरेपणा येतो कुठून?

आईला म्हटलं, "चल, तुला दौंडला नेऊन लस देते."

"न्हाई. मी हितंच घेनार."

पहिला मान आईचा. खुर्ची, शाल, नारळ. फोटोवाला म्हणाला, "काकू, जरा इकडं बघा."

आईने तिकडे बघितलं नाही. ती नर्सबाईंच्या हाताकडे बघत होती.

"टोपान काढ आधी."

संदीप हसत म्हणाला, "काकू, फोटो झाला की लगेच..."

"टोपान काढ, टोच, मंग फोटु काढ. माझ्या मालकाला नुसता फोटुच टोचला तुम्ही." माईक तिथेच होता. सगळ्या समाजमंदिराला ऐकू गेलं.

नर्सबाईंनी टोपण काढलं. आईने सुई आत जाताना बघितली, मग शाल घडी करून संदीपच्या हातात दिली आणि उठली. मागच्या रांगेतल्या सखूआजी बसता बसता म्हणाल्या, "व्हय बाई, माझं बी टोपान दाव आधी." मग प्रत्येक म्हातारी तेच म्हणायला लागली.

आप्पा, आईला लस मिळाली.

आज फोटो नाही काढला. तिच्या खुर्चीशेजारी उभी राहून बघितलं.

तुमच्या वेळी मी फक्त फोटो बघितला. माफ करा, आप्पा. नमस्कार करते.